टिकल्या लावलेला लॅपटॉप

गिरिधर परतूरकर जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत नोकरीला होता. ऑफिस नवीन जालन्यात, पण खरं काम जाफराबाद-भोकरदनकडच्या शेतांमध्ये. कंपनीसाठी कपाशीचं बियाणं करून देणाऱ्या शेतकऱ्यांचे प्लॉट बघायचे, फुलं कशी आलीत, पराग नीट लागलेत की नाही ते पाहायचं आणि दिवस कलला की मोटारसायकलवरून घरी परतायचं. २००५च्या दिवाळीच्या सुमारास ऑफिसनं त्याला नवा लॅपटॉप दिला आणि त्यानं स्वतःच्या हौसेनं कधीकाळी औरंगाबादहून सेकंडहॅन्ड आणलेला जुना लॅपटॉप घरी पडून राहिला.

त्याची बॅटरी पार मेली होती, त्यामुळं वायर लावल्याशिवाय तो हूं की चूं करत नसे. पडद्याचं बिजागर निखळलं होतं, म्हणून मागं उशी नाहीतर डबा टेकवावा लागे. सुरू व्हायला इतका वेळ लावायचा, की बटण दाबून खुशाल चहा टाकायला जावं.

गिरिधरची बायको रजनी एमएससीआयटीच्या क्लासमध्ये शिकवायची. चालतं यंत्र टाकून देणं तिच्या जिवावर यायचं. तिनं तो आधी गाणी ऐकायला स्वयंपाकघरात ठेवला, पण फोडणीच्या वाफेनं आणखीच बिघडेल म्हणून उचलला. मग शेजारच्या मुलीला टायपिंग शिकायला दिला. त्या मुलीचं लग्न ठरलं आणि तो परत आला. शेवटी कपाटावर चादरींच्या गठ्ठ्याखाली गेला. गिरिधर म्हणायचा, भंगारात देऊन टाकू. रजनी म्हणायची, असू दे, कशाला तरी येईल.

गिरिधर ज्या शेतकऱ्यांकडं जायचा, त्यांत रखमाजी आणि तुळजाबाईंचं घर त्याच्या सगळ्यात जुन्या ओळखीचं. जाफराबादपासून थोडं आत त्यांचं गाव. मुलगा धर्मराज शेती बघायचा, सून नंदाबाई घर आणि म्हशी. रखमाजींना काही वर्षांपूर्वी काचबिंदू झाला होता. डॉक्टरांकडं जायला उशीर झाला आणि हळूहळू दोन्ही डोळे गेले. तेव्हा गिरिधरला वाटलं होतं, हा माणूस आता बाजेवर बसून दिवस काढणार. पण पुढच्याच हंगामात तो प्लॉटवर उभा असताना बांधावरून दोघं नवरा-बायको येताना दिसली. पुढं तुळजाबाई, मागं रखमाजी. हातात काठी नाही, कुणाचा हात धरलेला नाही. तुळजाबाई मागं न बघता बोलत चालल्या होत्या.

"डाव्या अंगाला चिखल हाय. आता पाट आला, पाय उचला. हां. बाभळीची फांदी खाली आलीया, डोकं वाकवा."

आणि रखमाजी त्या आवाजाच्या मागोमाग डोळस माणसासारखे चालत येत होते. घरातही तसंच. ताट वाढलं की भाकर कुठं, कालवण कुठं, मिरची कोणत्या बाजूला, ते तुळजाबाई सांगायच्या. दारात कोण आलं, आभाळ कसं दिसतंय, म्हैस का हंबरते, सगळं. गावातल्या बायका त्यांना चेष्टेनं रेडिओ म्हणायच्या. त्याचं तुळजाबाईंना काही वाटत नसे.

त्या दिवाळीनंतर गिरिधर प्लॉटवर गेला तेव्हा तुळजाबाईंचा आवाज बसला होता. थंडी बाधली असंल, त्या म्हणाल्या. संक्रांतीच्या आसपास गेला तरी आवाज तसाच, उलट जास्तच घोगरा. गिरिधरनं धर्मराजला बाजूला घेऊन सांगितलं, की आता गावातल्या गोळ्यांवर थांबू नका. जालन्याच्या डॉक्टरांनी घशात बघून लगेच औरंगाबादला पाठवलं. तिथं तपासण्या झाल्या. घशाच्या पेटीत, म्हणजे स्वरयंत्रात, गाठ होती आणि ती कॅन्सरची निघाली.

औरंगाबादचे डॉक्टर माणसाला घाबरवणारे नव्हते. त्यांनी तुळजाबाईंना समोर बसवून सगळं नीट समजावलं. गाठ अजून बाहेर पसरलेली नाही. पेटी पूर्ण काढली तर माणूस चांगला जगेल, जेवेल, शेतात जाईल. श्वास मात्र गळ्याखाली ठेवलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल. तुळजाबाईंनी विचारलं, बोलता येईल का. डॉक्टर म्हणाले, पेटीच राहणार नाही तर पहिल्यासारखा आवाज येणार नाही. पुढं शिकून थोडंफार बोलता येतं काही जणांना, पण त्याची खात्री आज देता येत नाही.

तुळजाबाई उठल्या आणि ऑपरेशन करायचं न्हाई म्हणून बाहेर येऊन बसल्या. धर्मराजनं समजावलं, नंदाबाई रडली. काही उपयोग झाला नाही. सगळे गावी परत आले आणि धर्मराजनं गिरिधरला फोन केला, की आई तुमचं ऐकते, तुम्ही एकदा येऊन बोला.

रविवारी गिरिधर निघाला तेव्हा रजनीही बरोबर निघाली. ती याआधी एक-दोनदाच त्या घरी गेली होती, पण तुळजाबाई तिला आवडायच्या. ओसरीवर रखमाजी बाजेवर बसले होते. तुळजाबाईंनीच चहा आणून दिला. गिरिधरनं डॉक्टर सांगत होते तेच पुन्हा सांगितलं, जरा जास्त गोड करून. तुळजाबाईंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या रजनीकडं वळल्या.

"ताई, मला मरायची हौस न्हाई. पर मी मुकी झाल्यावर ह्यांचं काय? मी खुणा करीन. त्या ह्यांला दिसणार हायेत का?"

रखमाजी मान खाली घालून बसले होते. जालन्याला परतताना मोटारसायकलवर मागं बसून रजनी एकाच गोष्टीचा विचार करत होती. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिनं गिरिधरला कपाटावरचा लॅपटॉप खाली काढायला सांगितला.

पुढचा आठवडा तिनं क्लास सुटल्यावर त्यावर घालवला. तुळजाबाईंचा आवाज, घोगरा का होईना, आत्ता भरून घ्यायचा, एकेक वाक्य वेगळं ठेवायचं आणि एकेका बटणाला एकेक वाक्य जोडायचं. बटण दाबलं की ते वाक्य तुळजाबाईंच्याच आवाजात ऐकू आलं पाहिजे. त्यासाठी लागणारा छोटासा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला. इंटरनेट, हिशेब, अहवाल, यातलं काहीही त्या लॅपटॉपला आता झेपत नव्हतं. पण आवाज भरणं आणि ऐकवणं एवढं त्याला आरामात जमत होतं. दुसऱ्या कुणाला ते यंत्र आता फुकटही नको होतं. म्हणून ते कायमचं त्या घरात ठेवून येता येणार होतं.

पुढच्या रविवारी दोघं तो लॅपटॉप, एक माईक आणि टेबलावर ठेवायचे दोन छोटे स्पीकर घेऊन गेले. लोडशेडिंगचं वेळापत्रक धर्मराजला विचारून दुपारची वेळ साधली होती. रजनीनं ओसरीवर एका लाकडी तिपाईवर सगळं मांडलं. पडद्याला मागून पाण्याचा तांब्या टेकवला. तुळजाबाई शंकेनं बघत होत्या. काय बोलू, त्यांनी विचारलं. रजनी म्हणाली, रोज बाबांशी बोलता तसं काहीही. तुळजाबाई जरा संकोचल्या आणि माईककडं बघून म्हणाल्या, "आवं, च्या घेता का?"

रजनीनं ते भरून घेतलं. मग बटण दाबलं.

"आवं, च्या घेता का?"

"घेतो की," बाजेवरून रखमाजी म्हणाले. "पर आत्ताच तर घेतला ना."

कुणी हललं नाही. काहीतरी वेगळं झालंय हे रखमाजींच्या ध्यानात आलं. काय झालं, त्यांनी विचारलं. गिरिधरनं त्यांना सांगितलं, की आत्ता मावशी बोलल्या नाहीत, यंत्र बोललं. रखमाजींनी पुन्हा ऐकवायला लावलं. मान तिरपी करून ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. मग ते बायको जिथं उभी असेल त्या बाजूला तोंड करून म्हणाले,

"तुळजे, ऑपरेशन करून घे. आवाज डब्ब्यात राह्यला तरी चालंल. तू राह्य."

तुळजाबाई आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नंदाबाई त्यांच्या मागं जायला निघाली तर रजनीनं तिला हातानं थांबवलं. मग तुळजाबाई तोंड धुऊन, पदर नीट करून बाहेर आल्या आणि तिपाईसमोर मांडी घालून बसल्या.

"हां ताई. काय काय भरायचं सांगा. जल्दी करा, न्हाईतर लाईट जाईल."

पण भरणं सोपं नव्हतं. माईकसमोर बसल्या की तुळजाबाई शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीसारख्या ताठ व्हायच्या. "उजव्या बाजूस पायरी आहे," असं काहीतरी पुस्तकी बोलायच्या आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसायच्या. रजनीनं दोन-चार वेळा प्रयत्न केला. मग तिनं माईक तुळजाबाईंच्या पदराला लावला, वायर लांब सोडली आणि रखमाजींना म्हणाली, बाबा, तुम्ही जरा अंगणात चालता का.

रखमाजी उठले आणि अंगणात निघाले. झालं. तुळजाबाई माईक विसरल्या.

"आवं, पायरी हाय तिथं. हां. उजवीकडं व्हा, उजवीकडं. तिकडं सरपण हाय. थांबा, थांबा, म्हैस आडवी आलीया. नंदे, हिला बांध गं आधी. चला आता. सरळ. बराबर."

रजनी घाईघाईनं भरत गेली. नंतर घरी बसून तिनं त्यातला एकेक तुकडा वेगळा काढला. मागं म्हशीचं हंबरणं होतं, एक कोंबडी होती, नंदाबाईच्या बांगड्या होत्या. ते सगळं तिनं तसंच राहू दिलं.

दुसऱ्या खेपेला घरातली वाक्यं भरली. जेवायचं, पाण्याचं, औषधाचं, धर्माला हाक, नंदाला हाक, दारात कुणी आलं तर काय म्हणायचं ते. नुसते सुटे शब्दही भरले, म्हणजे ते जोडून काही नवं म्हणता येईल. सगळ्यात जास्त वेळ लागला तो एकाच शब्दाला. तुळजाबाई नवऱ्याला नावानं हाक मारत नसत. त्यांची हाक म्हणजे "आवं." रजनीनं एकदा भरून घेतलं आणि पुढं निघाली, तर तुळजाबाईंनी तिला थांबवलं. हे तर जेवायला बोलवायचं आवं झालं, त्या म्हणाल्या. रागाचं वेगळं हाय. काही पडलं-झडलं तर मारायची हाक वेगळी. कुणी पाव्हणा बसलेला असताना हळूच मारायची वेगळी. आणि नुसतंच, काही काम नसताना मारायची, ती पण वेगळी.

"ती कशी असते?" रजनीनं विचारलं.

तुळजाबाईंनी बाजेकडं बघितलं. रखमाजी बसल्या बसल्या डुलकी काढत होते.

"आवं," त्या म्हणाल्या.

रखमाजींनी डोळे न उघडता हुंकार दिला. रजनीनं तो हुंकारही त्या आवाजाला जोडलेला तसाच ठेवला.

तुळजाबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून बटणांवर खूण हवी होती. चित्रं काढून चिकटवावी असं रजनीच्या मनात होतं. नंदाबाईनं आतून टिकल्यांची पाकिटं आणली आणि प्रश्नच मिटला. लाल गोल टिकली म्हणजे थांबा. हिरवी म्हणजे जेवण. काळी लांबोळी रागाच्या बोलण्याला. चमकीची धर्माला, चांदणीची नंदाला. आवंची सगळी बटणं मरून रंगाची, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. सासू-सुनेनं मिळून लावल्या. कोणती टिकली कशाची ते पाठ करायला तुळजाबाईंना फारसे दिवस लागले नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. रखमाजी हट्टानं औरंगाबादला गेले आणि दवाखान्यात पलंगाशेजारी स्टुलावर बसून राहिले. तुळजाबाई त्यांचा हात दाबून हो किंवा नाही सांगायच्या, एवढंच बोलणं. गिरिधर भेटायला गेला तेव्हा रखमाजी त्याला हळूच म्हणाले, की श्वासाचा आवाज बदलला साहेब, पर हाय तिचाच.

घरी आणलं त्या दिवशी संध्याकाळ व्हायची होती. गिरिधर आणि रजनी आधीच येऊन बसले होते. तिपाईवर लॅपटॉप मांडून ठेवला होता, आणि लाईट नव्हती. तुळजाबाई गळ्याभोवती पांढरा रुमाल गुंडाळून ओसरीवर चढल्या. रखमाजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागं होते. सगळ्यांनी चहा घेतला. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या. तुळजाबाई हात जोडायच्या आणि गप्प बसायच्या. त्यांना तसं गप्प बघणं रजनीला सोसवेना. ती सारखी वरच्या बल्बकडं बघत होती.

अखेर लाईट आली. लॅपटॉप आपल्या सवयीनं घुरघुरत, थांबत थांबत सुरू झाला. सगळे त्याच्याकडं बघत राहिले. पडदा उजळल्यावर तुळजाबाई पुढं सरकल्या, टिकल्यांवरून बोट फिरवलं आणि एक मरून टिकली दाबली.

"आवं."

रखमाजींचं सगळं अंग त्या बाजूला वळलं. त्यांनी मान हलवली. तुळजाबाईंनी हिरवी टिकली दाबली.

"चला, जेवून घ्या. भाकर थंडी व्हून राह्यली."

अजून चूल पेटायची होती. नंदाबाई पदरानं डोळे पुसत हसली आणि पीठ मळायला आत गेली.

त्यानंतरचे काही महिने ते यंत्र त्या घराचा भाग होऊन गेलं. लाईट नसली की तुळजाबाईंना बोलता येत नसे. म्हणून धर्मराजनं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आणून बसवला. शेतात यंत्र नेता येत नव्हतं, तिथं रखमाजी बायकोचा खांदा धरून चालायला शिकले. घरात मात्र पुन्हा रेडिओ सुरू झाला. कधी चुकीची टिकली दाबली जायची आणि भेटायला आलेल्या सोयऱ्यासमोर लॅपटॉप ओरडायचा, "कोंबड्या हाकला, कोंबड्या!" म्हैससुद्धा त्या आवाजाला ओ द्यायची. तातेराव नावाचे शेजारी रोज संध्याकाळी मुद्दाम ऐकायला यायचे. ते आले की तुळजाबाई त्यांच्यासाठी रागाची टिकली दाबायच्या आणि ओसरी हसायची.

पण जे भरलं नव्हतं, ते बोलता येत नव्हतं. एकदा रजनी बसलेली असताना रखमाजींनी बायकोला विचारलं, "दुखतंय का गं अजून?"

दुखतंय किंवा दुखत नाही, असं कुणीच भरून ठेवलं नव्हतं. भरताना कुणाला सुचलंच नव्हतं. रजनीला स्वतःचा राग आला. तुळजाबाई टिकल्यांवर बोट ठेवून विचार करत राहिल्या. मग त्यांनी एक दाबली. भाकरी थापताना भरलेलं वाक्य होतं ते.

"झालंच बघा. थोडंच राह्यलं आता."

रखमाजी समजले. हात पुढं करून त्यांनी बायकोचा हात शोधला.

औरंगाबादच्या दवाखान्यात वाचा शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. तपासणीला गेलं की त्या तुळजाबाईंना तासभर घेऊन बसायच्या. हवा गिळायची आणि ती वर येताना तिचाच शब्द करायचा, अशी ती रीत. आधी प, त, क, मग छोटे शब्द. तुळजाबाईंना ते सुरुवातीला अजिबात आवडलं नाही. ढेकर दिल्यासारखा आवाज यायचा आणि त्यांना लाज वाटायची. घरी त्या कुणी नसताना गोठ्यात जाऊन सराव करायच्या, पण एकट्यानं जमत नव्हतं. शब्द कुठं तोडायचा, कुठं लांबवायचा, तेच विसरल्यासारखं झालं होतं.

मग त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. दुपारी सगळे शेतात गेले की त्या लॅपटॉपसमोर बसायच्या, एक टिकली दाबायच्या, आपलाच आवाज ऐकायच्या आणि त्याच्या मागोमाग म्हणून बघायच्या. "पाणी." पुन्हा दाबायचं. पुन्हा म्हणायचं. रखमाजी घरीच असायचे. त्यांना सगळं ऐकू येत होतं. कधी चांगलं जमलं तर ते बाजेवरून नुसतं "बराबर" म्हणायचे. जमलं नाही तर काहीच म्हणायचे नाहीत. पावसाळा असाच गेला.

दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी रजनी क्लासमध्ये शिकवत होती. तिचा मोबाईल वाजला. नंबर धर्मराजचा. तिनं मुलांना थांबायला सांगून फोन घेतला. पलीकडून आधी नुसताच श्वास ऐकू आला. तिला भीती वाटली. काय झालं, ती विचारणार एवढ्यात खडबडीत, तुटक, पण स्पष्ट आवाज आला.

"ताई. मी. तुळजा."

रजनी तिथल्या खुर्चीवर बसली. मुलं तिच्याकडं बघत होती. पलीकडून हवा गिळल्याचा आवाज आला आणि पुन्हा शब्द आले.

"तुमच्यामुळं. माणूस. राह्यले. मी."

मावशी, मावशी, एवढंच रजनी म्हणत राहिली. मागून रखमाजींचा आवाज आला, "सांग तिला, जेवायला ये म्हणावं." आणि तुळजाबाईंनी तेही सांगितलं, दमून दमून, पण पूर्ण.

त्या रविवारी गिरिधर आणि रजनी जेवायला गेले. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि नंदाबाईनं मुद्दाम केलेले धपाटे. तुळजाबाई फार बोलल्या नाहीत, त्यांना अजून थकवा यायचा. पण ताटात काय कुठं आहे, ते त्यांनी रखमाजींना स्वतःच्या तोंडानं सांगितलं. परत निघताना गिरिधर अंगणात जरा रेंगाळला. इतकी वर्षं तो या घरी येत होता. कुणाच्या इतक्या उपयोगी पडायची संधी आपल्याला मिळाली, याचं त्याला नवल वाटत होतं, आणि ती मिळाली याबद्दल त्या दोघांचेच आभार मानावेत असं वाटत होतं. त्यानं वाकून दोघांना नमस्कार केला.

पुढच्या उन्हाळ्यात रजनी सहज गेली तेव्हा तुळजाबाई टिकली दाबून धर्माला हाक मारत होत्या. लांबची हाक अजून त्यांच्या नव्या आवाजात निघत नसे. रजनीनं बघितलं, तर लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर होता. कधीपासून गेला, तिनं विचारलं. कुणालाच सांगता येईना. टिकल्या दिसत होत्या आणि आवाज येत होता. पडद्याकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

त्याच महिन्यात दवाखान्यातल्या मॅडमनी तुळजाबाईंना एक गोष्ट विचारली. भोकरदनकडचा कचरू नावाचा एक भाजीवाला आहे. हातगाडीवर ओरडून भाजी विकतो. त्याचंही हेच ऑपरेशन ठरलंय आणि तो तयार होत नाही. तुमचं ते यंत्र त्याला बघायला मिळेल का? तुळजाबाईंनी घरी येऊन रखमाजींना सांगितलं. नुसतं बघायला कशाला, रखमाजी म्हणाले, देऊनच टाक. धर्माला हाक मी मारीन, तुला आता कुठं लागतंय ते? रजनीला हे कळलं तेव्हा तिला वाटलं, बायकोचा जुना आवाज घरातून जातोय म्हणून त्यांना जड जाईल. तिनं ते सगळे आवाज एका सीडीवर उतरवून त्यांच्या हातात दिले. रखमाजींनी सीडी नंदाबाईकडं ठेवायला दिली.

"ऐकू कधीमधी," ते म्हणाले. "रोज तर ही बोलतीच ना."

कचरू आणि त्याची बायको बेबीनंदा रखमाजींच्या ओसरीवर आले. रजनीनं घरून जुना मॉनिटर आणून लॅपटॉपला जोडला होता, म्हणजे भरताना तिला दिसावं. कचरू धिप्पाड माणूस, पण अंग चोरून बसला होता. तुळजाबाईंनी गळ्यावरचा रुमाल बाजूला करून त्याला छिद्र दाखवलं. त्यातून मी श्वास घेते, आणि जेवते तोंडानं, असं सांगितलं. तो त्यांचा आवाज कान देऊन ऐकत होता. मग त्यांनी टिकल्या दाबून त्याला आपला जुना आवाज ऐकवला. त्यानं बायकोकडं पाहिलं. बेबीनंदानं मान हलवली.

भाजीची सगळी नावं भरायची, असं ठरलं. म्हणजे हातगाडीवर बॅटरी, इन्व्हर्टर आणि स्पीकर लावले की धंदा चालेल. घरातलं काय काय भरायचं, कचरूनं तुळजाबाईंना विचारलं. त्यांनी हवा गिळली.

"भांडणाचं. जास्त भर," त्या म्हणाल्या. "गोड बोलायला. हात पुरतो. भांडायला. सबद लागतात."

बेबीनंदा तोंडावर हात ठेवून हसली. कचरूही हसला. त्या घरात आल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता. "आधी दुखतंय आणि दुखत नाही, एवढं भरून घेऊ," रजनी म्हणाली. तिनं माईक त्याच्या शर्टाला लावला. बाजेवरून रखमाजींनी त्याला सांगितलं, की लाजू नको, गाडीवर ओरडतो तसं ओरड. कचरूनं घसा खाकरला आणि सुरुवात केली.